ग्रहण सुटल्यावर

लोक मला अजून विचारतात, तुमचे डबे त्या दिवशी बंद कसे पडले हो? मी सांगते, बंद पडले नाहीत, उपाशी पडले. यंत्रात काडीचा बिघाड नव्हता. चौकशी समितीनंही तेच लिहिलंय. पण ते वाचायला कुणाला सवड आहे? माणसं भरलेले डबे अधांतरी लटकले, एवढंच गावाच्या लक्षात राहिलं.

आमच्या सांगली-मिरजेत पॉडला कुणी पॉड म्हणत नाही. कंपनीनं ‘किरणरथ’ असं भारदस्त नाव ठेवलं होतं, ते पाट्यांवरच राहिलं. रस्त्याच्या मधोमध खांब, खांबांवर पोलादी तुळई आणि तुळईला खालून लटकत पळणारे चार-चार माणसांचे डबे. तुळईच्या डोक्यावर सांगलीच्या घाटापासून मिरजेच्या दवाखान्यांपर्यंत सौर पॅनेलची सलग ओळ. डब्याच्या पोटात मोठी बॅटरी नाही, कारण डबा जड झाला की खांब जाड करावे लागतात. डबा तुळईतूनच वीज घेतो. दुपारी पॅनेल गरजेपेक्षा जास्त वीज करतात, ती स्टेशनांच्या तळघरातल्या बॅटऱ्यांत साठते, आणि ऊन कललं, ऑफिसं सुटली की तीच उपसायची. दुपारी भरायचं आणि संध्याकाळी खायचं, सगळा कारभार असा. सरकारी विजेची तार होती, पण ती सिग्नल आणि कंट्रोल रूमपुरती. ‘शंभर टक्के सूर्यावर’ अशी जाहिरात केली होती ना कंपनीनं! मग तिला धक्का कसा लावणार?

मी उज्ज्वला साळुंखे. विश्रामबागच्या कंट्रोल रूममध्ये दुपारच्या पाळीची प्रमुख होते. लग्नाच्या भानगडीत पडले नाही. थोरला भाऊ गेल्यावर राजश्री वहिनी आणि भाची ऋतुजा, हेच माझं घर. ऋतू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा लागला होता. जावई पुण्याला नोकरीवर. मुलगा झाला तर कोणतं नाव आणि मुलगी झाली तर कोणतं, यावरून आम्हा तिघींची रोज भांडणं चालायची, आणि मला ती भांडणं फार आवडायची.

मे महिन्यातलं ग्रहण होतं. दुपारी लागणार आणि पाचच्या सुमाराला सुटणार. सूर्याचा पाऊण भाग झाकला जाणार म्हणजे पॅनेलची वीजही तेवढीच घटणार, तीही नेमकी बॅटऱ्या भरायच्या वेळेला. पण आमच्या कौस्तुभ देवस्थळीनं त्याची तयारी केली होती. पोरगा हुशार, कामाला वाघ. कोणत्या वेळी किती माणसं डब्यात बसतील याचा अंदाज बांधणारी प्रणाली त्यानंच बसवली होती, आणि तोवर ती कधी चुकली नव्हती.

“मॅडम, ग्रहणात माणसं घराबाहेर पडत नाहीत,” तो म्हणाला. “मागच्या ग्रहणाचे आकडे आहेत आपल्याकडे. प्रवासी पाव राहतात. बॅटऱ्या भरणार नाहीत, पण रिकाम्याही होणार नाहीत. सकाळच्या साठ्यावर संध्याकाळ निघून जाईल.”

“जाऊ दे की मग,” मी म्हटलं आणि भडंगाची पिशवी त्याच्यापुढं सरकवली. ग्रहणात भडंग खाणारी बाई मी. आमच्या आईच्या आत्म्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

ग्रहण लागलं तशी पडद्यावरची गर्दी ओसरत गेली. रिकामे डबे स्टेशनांत उभे राहिले. बाहेर ऊन होतं, पण फिकट, आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखं. कौस्तुभचा अंदाज तंतोतंत खरा ठरत होता आणि तो खुशीत होता.

तेवढ्यात ऋतूचा फोन आला.

“आत्या, पोटात फार दुखतंय गं. कळा नाहीत या. पोट दगडासारखं झालंय. आणि थोडं रक्त गेलं.”

माझ्या हातातलं भडंग तिथंच सांडलं. “बाळ हलतंय का?”

“सकाळी हलत होतं. आता... मगापासून नाही हललं. आई म्हणते, ग्रहणात गर्भ शांतच असतो.”

“शांत असतो कसला! ऊठ आधी. स्टेशनावर डबे रिकामे उभे आहेत, दहा मिनिटांत मिरजेत पोचशील. मी आत्ता दवाखान्यात फोन करते.”

फोन वहिनीनं घेतला. “उज्जू, उगीच तिला घाबरवू नकोस. ग्रहण सुटल्याशिवाय पोरगी उंबऱ्याबाहेर पडायची नाही.”

“वहिनी, रक्त जातंय तिचं!”

“थोडंसं आहे. मी बघतेय की. देवापुढं सरळ निजवलीय, हातात दर्भ दिलाय. दोन तासांचा तर प्रश्न आहे.”

“दोन तासांत काय वाटेल ते होईल! तुला अक्कल आहे का? मी ॲम्ब्युलन्स पाठवते.”

“पाठव. दाराला कडी आहे माझ्या.” मग तिचा आवाज एकदम खाली आला. “तुझ्या आईनंच शिकवलंय मला हे सगळं. विसरलीस का गं?”

मी कशाला विसरेन? ऋतूच्या आधी वहिनीला मुलगा झाला होता. ओठ आणि टाळू दुभंगलेला. दूध ओढता येईना बिचाऱ्याला, महिन्याभरात गेला. पोटुशी असताना वहिनीनं ग्रहणात दुधी चिरला म्हणून असं झालं, असं आईनं ठरवून टाकलं. आणि नुसतं ठरवून गप्प बसली असती तर ती माझी आई कसली! भाकरी जरा करपली की दुधी काढायची, पाहुणे आले की दुधी काढायची. मरेपर्यंत काढत राहिली. डॉक्टरांनी सांगून झालं, भावानं सांगून झालं, मी तर पुस्तक आणून वाचून दाखवलं. वहिनीनं सगळं ऐकलं आणि विश्वास मात्र आईवर ठेवला. त्या घरात पुन्हा कधी दुधी आला नाही.

तरी मी ॲम्ब्युलन्स पाठवली. ड्रायव्हरनं बराच वेळ दार वाजवलं. वहिनीनं आतून सांगितलं, पाचनंतर या. तो दुसऱ्या पेशंटकडं निघून गेला. शेजारणीला फोन केला, तर ती म्हणाली, ग्रहणात मी कशी बाहेर पडू हो? ऋतूला पुन्हा फोन लावला, तर बंद. वहिनीनंच बंद केला असणार. पाळी सोडून मला जाता येत नव्हतं. कंट्रोल रूममध्ये प्रमुख नसेल तर सगळे डबे थांबवायचे, असा नियम. मी घड्याळाकडं बघत बसले आणि वहिनीला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. कौस्तुभ मान खाली घालून बसला होता.

ग्रहण सुटलं तसा वहिनीचाच फोन आला. आवाज गेलेला. “उज्जू, रक्त वाढलंय गं. डोक्यावरून दोन तांबे पाणी घातलं आणि कपडे बदलले, तर ते पण भिजले. रिक्षा बघू का?”

“रिक्षा कुठली आता, सगळ्या डब्यांनी खाल्ल्या. ॲम्ब्युलन्सला यायला वेळ लागेल. तू सरळ स्टेशनावर जा. मी डबा धरून ठेवते तुमच्यासाठी.”

हे मी सांगितलं. रस्त्यानं जाऊ नको, डब्यानं जा, हे माझे शब्द. माझा डब्यावर केवढा विश्वास!

शेजाऱ्यांच्या पोरांनी खुर्चीत बसवून ऋतूला स्टेशनापर्यंत आणलं. डबा सुटला. पडद्यावर मी त्याच्या ठिपक्याला लाल खूण केली. आता दहा मिनिटं, फक्त दहा मिनिटं, असं स्वतःशी म्हणत होते, आणि तेव्हाच कौस्तुभ खुर्चीतून उठला.

“मॅडम, हे काय चाललंय?”

मिरजेपासून विश्रामबागपर्यंत एकूण एक स्टेशन माणसांनी भरलं होतं. हातात तांबे, खांद्यावर पंचे, कोरडे कपडे, पोरंबाळं. वेधात दिवसभर उपाशी, घरात कोंडलेली माणसं एकदम सुटली होती. मोक्षाचं स्नान कृष्णेत करायचं, गणपतीचं दर्शन घ्यायचं, मग घरी जाऊन चूल पेटवायची. स्टेशनांच्या दारांत मागणारे बसले होते आणि ‘दे दान सुटे गिराण’ अशी हाळी माइकमधून आमच्या कंट्रोल रूममध्ये ऐकू येत होती. सगळे डबे एकाच वेळी भरले, एकाच वेळी निघाले.

“मागच्या वेळी असं झालं नव्हतं,” कौस्तुभ म्हणाला. “मागच्या वेळी एक माणूस आला नव्हता!”

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. “अरे, मागच्या वेळी सूर्य ग्रासलेलाच मावळला होता! ग्रहण सुटलेलं कुणी बघितलंच नाही. अंधार पडला होता, लोकांनी घरीच आंघोळी केल्या आणि झोपले.”

त्याच्या प्रणालीला तेवढं एकच ग्रहण माहीत होतं. ग्रहणात लोक बाहेर पडत नाहीत, हे ती शिकली. ग्रहण सुटल्यावर सगळेच बाहेर पडतात, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. देवस्थळीच्या घरी ग्रहण पाळत नाहीत, आणि मी भडंग खाणारी. ज्याला त्याला ठाऊक असलेली गोष्ट आम्हा दोघांनाच सुचली नाही. आमच्या झाडूवाल्या मावशींना विचारलं असतं तरी सांगितलं असतं त्यांनी, पण त्या तर सुट्टी घेऊन मोक्षाची वाट बघत घरी बसल्या होत्या.

ऊन कललेलं, पॅनेलमधून निम्मीही वीज येत नव्हती. बॅटऱ्या दुपारी भरल्याच नव्हत्या, आणि डबे तर गच्च. तुळईतला विजेचा दाब ढासळत गेला आणि एका मर्यादेखाली आला. तिथं यंत्रणेनं जे करायला हवं तेच केलं. कुणी कुणावर आदळू नये म्हणून प्रत्येक डब्यानं असेल तिथं तुळई घट्ट पकडली आणि सगळे थांबले.

ऋतूचा डबा विश्रामबाग ओलांडून वानलेसवाडीच्या पुढं पोचला होता. तिथून दवाखाना खरं तर दिसतो.

डब्यातला स्पीकर बारीकशा सेलवर चालतो, तो चालू होता. मी हाक मारली. “ऋतू?”

“झोपल्यासारखी करतेय,” वहिनी म्हणाली. “हात गार पडलेत. डबा का थांबला गं?”

“चालू होतोय. तिला बोलती ठेव.”

“उज्जू, खाली सगळं... माझा पदर लावलाय, पण थांबत नाही. हलव की गं डबा. तुझ्या हातात आहे ना?”

अग्निशमनच्या शिड्या मागवल्या. त्या घाटाकडच्या गर्दीत अडकल्या होत्या. रस्ते माणसांनी तुंबलेले. विजेचा दाब जरा वर यायचा, डबे हातभर सरकायचे आणि पुन्हा थांबायचे. दर वेळी वहिनीला वाटायचं, निघाला. दर वेळी ती म्हणायची, “निघाला, ऋतू, निघाला बघ.”

“कौस्तुभ,” मी म्हटलं, “सांगलीकडच्या फाट्याची वीज तोड. सगळी वीज मिरजेच्या फाट्याला दे.”

“मॅडम, सगळी गर्दी सांगलीच्याच फाट्यावर आहे. डब्यांत म्हातारी माणसं आहेत, लहान मुलं आहेत. पंखे बंद होतील. आणि माणसं बसलेला फाटा तोडायचा अधिकार फक्त मुख्य अभियंत्यांना—”

“लाव त्यांना फोन.”

“लावतोय मगापासून. उचलत नाहीत.”

“मग सरक.”

तो सरकला नाही. मी त्याला खांद्यानं ढकललं आणि स्वतः फाटा तोडला. घाटाकडचे सगळे ठिपके एकदम राखाडी झाले. त्या डब्यांत मे महिन्याच्या उकाड्यात माणसं घुसमटत होती हे मला माहीत होतं. तरी मी तोडला. आजही तोडीन.

मिरजेचे डबे चालायला लागले, माणसाच्या चालीनं, पण चालायला लागले. लाल ठिपका दवाखान्याच्या स्टेशनात शिरला तेव्हा वहिनी ‘पोचलो, पोचलो’ एवढंच म्हणत होती. मी फाटा पुन्हा जोडला, मॅनेजर धावत येत होते त्यांच्या हातात हेडफोन दिला आणि निघाले. कौस्तुभनं स्कूटर काढली. सबंध रस्ताभर तो रडत होता आणि मी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होते, नीट चालव म्हणून.

ऑपरेशन संपायला अंधार पडला. डॉक्टरबाईंनी मला एकटीला आत बोलावलं, कारण वहिनी बाकावर बसल्या जागी थरथरत होती.

“ऋतुजा वाचली,” त्या म्हणाल्या. “वार पिशवीपासून आधीच सुटली होती. बाळाचे ठोके इथं आली तेव्हाच नव्हते.”

“कधी गेलं?”

“दुपारीच. हालचाल कधी थांबली ते पेशंटनं सांगितलंय, आमच्या तपासणीशीही ते जुळतंय. पहिल्यांदा रक्त गेलं तेव्हा आणली असती तर दोघंही सुखरूप असती. गर्भपिशवी काढावी लागली. ती मात्र शेवटच्या उशिरामुळं. थोडी आधी आली असती तर पिशवी वाचवता आली असती.”

म्हणजे बाळ वहिनीच्या कडीनं नेलं आणि पुढची सगळी बाळं माझ्या डब्यानं. अशी वाटणी झाली आमची.

“तिच्या आईंना मी सांगू की तुम्ही सांगता?”

“मी सांगते,” मी म्हटलं. “आणि डॉक्टर, कधी गेलं ते त्यांच्याशी बोलू नका. हात जोडते.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान डोलावली.

वहिनीच्या साडीवर रक्त वाळून कडक झालं होतं. मी शेजारी बसले, सगळं सांगितलं. पिशवीचंही सांगितलं. ती रडली नाही. तिनं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली.

“एकच सांग. ग्रहणात गेलं का नंतर?”

आयुष्यभर मी त्या घरात खरं बोलून भांडले. आईशी भांडले, वहिनीशी भांडले, त्या दुपारीसुद्धा भांडले. आणि आता खरं माझ्या हातात होतं, डॉक्टरच्या तोंडचं. तिच्या डोळ्यांकडं बघितलं आणि मला आमची आई दिसली, चुलीपुढं बसून दुधी काढणारी. या वेळी दुधी काढायला आई नव्हती, पण वहिनीला तिची गरजच नव्हती. ते काम तिनं एकटीनंच रोज केलं असतं.

“नंतर गेलं,” मी म्हटलं.

“नक्की?”

“डबा थांबला तेव्हा. डॉक्टर म्हणाल्या, तोवर ठोके चांगले होते. डबा थांबला नसता तर वाचलं असतं.”

तिनं एवढा मोठा श्वास सोडला की समोरच्या बाकावरच्या बाईनं वळून बघितलं. मग माझं मनगट सोडलं. हळूहळू तिचा चेहरा बदलत गेला.

“म्हणजे मी सांभाळलं होतं,” ती म्हणाली. “मी नीट सांभाळून तुझ्या डब्यात आणून बसवलं. आणि तू...”

“हो.”

“दोन तास मी काही होऊ दिलं नाही तिला. तुझ्या मेल्या डब्यानं खाल्लं माझं नातवंड.”

“हो, वहिनी.”

“ऊठ इथून.”

मी उठले.

चौकशी झाली. घाटाकडच्या डब्यांत चार-पाचजणांना भोवळ आली होती. एका आजोबांना दवाखान्यात ठेवावं लागलं, ते बरे झाले. फाटा का तोडलात, असं विचारलं, मी सांगितलं. मला घरी बसवलं. कौस्तुभनं नोकरी सोडली. आता सरकारी विजेची जाड तार डब्यांना जोडलीय, आणि जाहिरातीतला तो ‘शंभर टक्के’ पुसून टाकलाय. एवढी साधी गोष्ट होती ती.

ऋतूला घरी आणल्यावर मी एकदा गेले. डिंकाचे लाडू नेले होते. वहिनीनं दार अर्धवट उघडलं, हात चौकटीवर. “तुम्ही येऊ नका आता,” ती म्हणाली, आणि गल्लीतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात पुढचंही बोलली. तिच्यामागं आत ऋतू भिंतीला टेकून बसलेली दिसली. ती माझ्याकडंच बघत होती. दार लागलं.

महिन्याभरानं ऋतूचा फोन आला. गच्चीवर जाऊन बोलत असावी, वारा ऐकू येत होता.

“आत्या, ते दुपारीच गेलं होतं ना?”

“तुला कुणी सांगितलं?” मी विचारलं.

“माझ्या पोटात होतं ते. मला कळलं होतं गं, डब्यात बसायच्या आधीच. तू आईला खोटं सांगितलंस.”

“बरं मग?”

“आई रोज उठून तुला शिव्या घालते. येईल जाईल त्याला सांगते, नणंदेनं मारलं म्हणून. मला नाही ऐकवत. मी तिला खरं सांगणार आहे.”

“याद राख, सांगशील तर!” मी एवढ्या जोरात ओरडले की माझाच घसा दुखला. मग जरा दम घेऊन विचारलं, “जेवते का ती?”

“जेवते.”

“झोप लागते रात्री?”

“लागते.”

“मग घालू दे की शिव्या.”